नववी ब

रेल्वे मैदानावर सत्त्याऐंशी साली
म्याकल सरांनी डाव्या पायानं मारलेला गोल
आमचा शिपाई अजून सांगतो,
दर वर्षी पाच फूट लांबून.

सर दाखल्यांवर सह्या करतात.
आज लावण्या बोद्दूल, नववी ब.
शाळा सोडण्याचं कारण: घरकाम.
म्हणजे विड्या.
कागदालाच तंबाखूचा वास.

सरांनी पेनाला टोपण लावलं,
भर उन्हात सायकल काढली, विडी घरकुलाकडं.
सूप मांडीवर घेऊन बसलेल्या तिच्या आईशी
तेलुगूत बोलत राहिले
उंबऱ्याबाहेर, उभ्यानंच, तासभर.

परतल्यावर पाणी प्यायले.
"मी कायम मारणाराच ओ, कुलकर्णी.
अडवायचं कसं, शिकलोच नाही की."

टेबलाखाली डावा पाय हलत होता.
अर्ज तसाच,
पेपरवेटखाली,
पंख्यानं फडफडत.