चू.भू.दे.घे.

जूनमध्ये हानलेपलीकडे गाडी न्यायची ठरली
आणि मार्चपासूनच आमच्या नेरूळच्या घरात
जेवताना मिठाऐवजी नकाशे मागितले जाऊ लागले.

विभासने शोधून काढली तीन.
एक फुकट अ‍ॅप, ज्यात कुणीही यावं
आणि आपली पायवाट काढून जावं.
एक वर्गणीचं, त्यातल्या उंचीच्या रेषा
अंगठ्याच्या ठशासारख्या दाट.
आणि एक यंत्रच, पिवळं, साबणाच्या वडीएवढं.
वाशीच्या दुकानदाराने ते काउंटरवर आपटून दाखवलं,
"मॅडम, पडलं तर तुमच्याआधी शुद्धीवर येईल."

रविवारी उजाडता तिघांना पारसिकच्या टेकडीवर नेलं.
फोन फ्लाइट मोडवर,
वर सिमही काढून माझ्या कुड्यांच्या डबीत,
म्हणजे लबाडीला जागा नको.

फुकटचं लगेच म्हणालं, तुम्ही पायऱ्यांवर आहात.
आम्ही नव्हतो.
वर्गणीचं म्हणालं, दरीत. फार ठामपणे.
पिवळं बराच वेळ आभाळ चाचपत राहिलं,
विभासचा चहा पिऊन झाला,
आणि मग त्याने जागा सांगितली,
खाली बारीक अक्षरांत: सात मीटर इकडेतिकडे.

मला आप्पांची बिलं आठवली.
ठाण्याला त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं,
खिळ्यांचं बिल असलं तरी तळाशी
चू.भू.दे.घे.
आणि खाली सही.
मी म्हटलं, हेच घेऊया.
विभास म्हणाला, स्क्रीन किती लहान आहे बघ.

सारसोळ्याच्या जेट्टीवर केसरीनाथच्या होडीत तसंच एक होतं,
सुतळीने बांधलेलं, खारट, एका कोपऱ्यात फुटलेलं.
"बाप माझा ताड न् देवळाचा कळस एका रेषेत आनायचा,
तिथं जालं. ताड तोडला त्या साली
चार दिस जालं गावलं नाय. मंग हे घेतलं."
चांगलं आहे का, विभासने विचारलं.
"चांगलंच हाय. पन याला भरती-ओहोटी कलत नाय.
मशीन बोलते पानी हाय,
न् पानी तर कवाच गेलं.
सहा तास चिखलात बसलो व्हतो,
वर बारा सॅटेलाइट, खाली मी."
तो हसला, मग हसायचा थांबला.
"सेल जास्तीचे घ्या. न् तिथल्या मानसाला इचारा,
पानी कवा येतं."

त्या रात्री मी वहीत लिहिलं, पेन्सिलने,
कारण थंडीत पेन गोठतं म्हणे:
नाले सकाळीच ओलांडायचे.
दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं,
नकाशात मात्र ती रेघ दिवसभर तेवढीच निळी.
ओलांडण्याआधी गुराख्याला विचारायचं.
कुठल्या भाषेत, ते लिहायचं राहिलं.

शेवटी पिवळंही घेतलं, फुकटचंही ठेवलं.
वर्गणीचं विभासने मला न सांगता भरलं,
बँकेचा मेसेज माझ्याच फोनवर आला.
चांगथांगचा चौकोन उतरवायला जागा पुरेना
म्हणून गेल्या तीन वर्षांची लग्नं पुसली, दुसऱ्यांची.

यंत्राला पहिली खूण हवी असते.
बाल्कनीत उभं राहून बटण दाबलं,
नाव टाइप केलं: घर.
हानले इथून सरळ रेषेत सोळाशेवर किलोमीटर.
तिथल्या उघड्या माळावर, माहितीपत्रक म्हणतं,
तीन मीटरपर्यंत अचूक.
इथे, दोन टॉवरांच्या फटीत,
ते आभाळ शोधत राहिलं, शोधत राहिलं
आणि आम्हाला समोरच्या कांदळवनात उभं केलं,
चिखलात, खेकड्यांमध्ये.
चूक: चाळीस मीटर.

विभास म्हणाला, पुन्हा घेऊ, गच्चीवर जाऊन.
मी म्हटलं, राहू दे.