ओला

गादीखाली सापडली वही.
मृण्मयी नावाची पोरगी चार दिवस राहून गेली होती
आमच्या होमस्टेला, वाघ न दिसता.
पानं फुगलेली, कडांना पांढरी खार,
जिभेला लावून पाहिली तर मीठ.
आठवड्यानं तिचा फोन आला:
ताई, एक निळी वही राहिली का तिकडे?
मी म्हटलं, नाई जी.
काऊन म्हटलं, ते मलेही नाई समजलं.

वहीत तारखा होत्या, बसची तिकिटं चिकटवलेली.
मेक्सिकोच्या कुठल्याशा किनाऱ्यानं ती खाली खाली गेली होती,
गावोगाव थोडी थोडी स्पॅनिश शिकत.
डाव्या अंगाला त्यांचा शब्द, उजव्या अंगाला आपला.
मार म्हणजे समुद्र.
आमच्याकडे मार म्हणजे मारच.
साल म्हणजे मीठ. आला म्हणजे पंख.
ओला म्हणजे लाट,
आणि ओला म्हणजे नमस्कारही.
लिहिताना एकात मुका ह असतो, खाली तिनं लिहिलं होतं,
ऐकताना फरक नाही,
कोण हाक मारतंय ते बघायचं.

चैत संपता संपता आमच्या बोडीचा तळ उघडा पडतो,
चिखलाच्या खपल्या, मधे दोन म्हशी बसतील एवढं पाणी.
मी पहाटे पाचला गेटवर, खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण,
ओठांत ओला, ओला.
धनपाल जिप्सीची काच पुसता पुसता म्हणे,
कायचं ओलं वो बाई? समदं त वाळून रायलं.

रात्री भांडी झाली की पाठ करायची.
भरती. ओहोटी. होडी किती वाजता सुटते.
इथे पोहू नका, आत ओढ आहे.
एका कोळणीनं तिला शिकवलेलं: मासा ताजा का, ते डोळ्यात बघ.
वाघ हा शब्द अख्ख्या वहीत नव्हता.
सांबर नव्हतं, मोह नव्हता, तेंदूपत्ता कुठून असणार.
‘आहे’ मात्र दोनदा होतं.
एक, जे आहे ते आहेच, त्याच्यासाठी.
एक, जे आत्ता आहे, मग नसेल.
त्यापुढे तिनं कुणाचं तरी नाव लिहून खोडलं होतं.
बल्बापुढे पान धरून पाहिलं मी.
नाही लागलं.

मे महिन्यात दोघं म्हातारे आले, नवराबायको.
रजिस्टरात देशाचं नाव वाचलं आणि माझे तळवे घामेजले.
तीन फेऱ्या. पाणवठ्यावर दीड दीड तास.
एक मोर, चार रानडुकरं,
वाळक्या बांबूतून कुरकुरणारा वारा.
शेवटच्या फेरीला बाईनं टोपी काढून मांडीवर ठेवली
आणि बोटानं तिच्यावरची धूळ गोळा करत बसली.
मला म्हणायचं होतं, जंगल काही आपल्या हाती नसते, बाई.
पण माझ्यापाशी सगळी वाक्यं किनाऱ्याचीच.
त्यातलंच एक काढलं:
ला मारेआ एस्ता बाहा.
ओहोटी आहे.
त्यातलं ‘आहे’ दुसरं होतं, जाणारं.

धनपालनं आरशातून बघितलं.
बाईनं आधी सुकल्या पाणवठ्याकडे, मग माझ्याकडे,
आणि अशी हसली
की पुढच्या जिप्सीतला गाइड वळून म्हणाला, चूप.
मग माझ्या मनगटावर हात ठेवून, हळूच:
या सुबिरा.

वहीत नव्हतं हे.
मला त्यातलं ‘या’ तेवढं कळलं,
दारात आलेल्या माणसाला म्हणतो तसं.

संध्याकाळी निळ्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं,
ऐकलं तसं, डाव्या अंगाला.
उजवं अंग रिकामं ठेवलं.
मृण्मयीचा नंबर अजून आहे फोनमध्ये.
विचारता येते तिले, सुबिरा म्हणजे काय,
पण मंग वहीचं सांगा लागन.