एकोणचाळिसावा

बौशरच्या मैदानाबाहेर पितळी पाटी आहे.
तिच्यावर नावं दोन, आकडा एकच.
हमूद बिन खल्फान, अडतीस.
ईद सल्मीन, अडतीस.
पाटी पुसणं माझ्या कामात बसत नाही,
माझं काम शर्ट धुण्याचं.
तरी जाता-येता बाहीनं पुसतो.

एकवीस वर्षं झाली मस्कतात.
त्याआधी कोल्हापुरात तालमीच्या टीमकडून
लेफ्ट आउट खेळायचो, गुडघा गेला तोवर.
इथं आम्ही सगळेच रफीक.
रफीक, पाणी. रफीक, सात नंबरचे मोजे.
सूरहून आलेल्या या पोरानं
पहिल्याच आठवड्यात नाव विचारलं.
रंगराव, म्हटलं.
तीनदा तोंडात घोळवून म्हणाला, "रंगराऊ."
तेच मग राहिलं.

गोल मी शर्टावरून ओळखतो.
हेडरचा असला तर खांद्याची शिवण उसवलेली,
कुणीतरी मागून धरून लोंबकळलेलं असतं.
घसरून मारला असला तर बरगडीशी हिरवा पट्टा,
तो व्हिनेगरशिवाय निघत नाही.
पेनल्टीचा शर्ट कोरा,
फक्त पाठ चिंब.
अडतीसातले नऊ तसे आहेत. मोजून घ्या.

आणि एक तो.
मे महिना. रात्री नऊलाही हवा तव्यावरची.
एकाहत्तरावं मिनिट,
उजवीकडून क्रॉस आला, जरा मागंच राहिला,
आणि गड्यानं उलटं वळून, अंग टाकून,
डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं
असा काढला
की बर्फाची पेटी माझ्या हातातनं सुटली.
बर्फ गोळा करत होतो
तेवढ्यात पूर्वेकडचे दोन टॉवर गेले.
चाळीस मिनिटं अंधारात थांबलो सगळे.
रेफरी मोबाईलच्या उजेडात घड्याळ बघायचा,
आम्ही रेफरीकडे.
मॅच रद्द.
पंधरा दिवसांनी पत्र आलं:
निकाल धरू नये, गोल धरू नयेत.
ईदचं पिवळं कार्ड तेवढं धरलं.

तोवर शर्ट धुऊन झाला होता.
चाळीस डिग्री, बाकीच्या वीसांबरोबर.
माझी सवय नडली.
पाणी हिरवं झालेलं आठवतं,
पण पाण्याची साक्ष कोण काढणार?

मग वर्षं गेली, घोटा गेला,
अडतीसावा आला तो पेनल्टीचा, कोऱ्या शर्टाचा.
शेवटच्या मॅचला म्हातारा हमूद पहिल्या रांगेत,
काठीवर हनुवटी टेकवून.
सूरच्या एकाच गल्लीतले दोघं;
ईदचे पहिले बूट त्याचेच,
दोन नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेले.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली.
अख्खं स्टेडियम उभं.
ईदनं बॉल उचलला, बगलेत धरला,
आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात दिला.

पोरानं तो वरून मारला, पार पार्किंगात.

मला येत होत्या तेवढ्या शिव्या मी दिल्या,
सगळ्या मराठीतल्या,
शेजारचा मलबारी डॉक्टरसुद्धा समजला.
कोण म्हणतं घोटा दुखत होता,
कोण म्हणतं म्हाताऱ्यासाठी.
हमूदनं तर बघितलंच नाही म्हणे,
चष्मा पुसत होता.

रात्री खोलीत दोघंच.
तो टेप सोडवत होता, मी कपडे वेगळे करत होतो.
मान वर न करता म्हणाला,
"रंगराऊ, तुझ्याकडे किती?"
"एकोणचाळीस."
"मग झालं."
मला बरंच बोलायचं होतं.
पाटीबद्दल, पत्राबद्दल,
त्या दोन टॉवरांच्या वायरमनबद्दल.
त्यानं शर्ट काढून फेकला, मी झेलला.
"हा धुऊ की ठेवू?"
"धू की. घाण वास मारतोय.
मोजे वेगळे टाक फक्त,
रंग जातो त्यांचा."