गळती

खळ्यात टेम्पोखाली ठेवलेली करवंटी
रोज सकाळी काळी भरलेली.
याकूबभाई म्हणाले, खालचा नट आवळ.
आवळला. वॉशर बदलला,
वेलदूरच्या दुकानातून आणलेला, तांब्याचा.
करवंटी भरतच राहिली.

आज वारा दक्षिणेचा, होड्या वर ओढलेल्या,
विकायला मासळी नाही.
रॉकेल नि झिजला टूथब्रश घेऊन
इंजिन धुतलं, पुसून कोरडं केलं
आणि चैतालीची पावडर त्यावर भुरभुरली,
अर्धा डबा.
"आई, त्याला काय लग्नाला न्यायचंय?"

चालू केलं.
चिऱ्यावर गुडघे टेकून, टॉर्च दातांत धरून
बघत राहिले.
पांढऱ्यावर एक रेघ उतरली, ओली,
मुंगीच्या चालीनं.
मी तिच्या उलट वर चढले,
फिल्टरच्या मागून, नळीच्या आडून,
पार टॅपेटच्या झाकणापर्यंत,
जिथं इतक्या दिवसांत माझा हातच गेला नव्हता.
खालचा नट बिचारा
उगाच पिळला मी महिनाभर.

तालुक्याला जायला एसटी दुपारची.
तोवर उधारीच्या वहीचा पुठ्ठा झाकणावर धरला,
हातोडीनं कडेकडेनं ठोकत कापला,
ग्रीस लावून बसवला.
आतली पानं सुतळीनं बांधून ठेवली,
अजून तिघांकडून येणं आहे.

करवंटी पुसून परत तिथंच ठेवली.
सकाळी तीत माडाची दोन फुलं
आणि एक थेंब.
तो वरचा की खालचा,
चहा झाल्यावर बघते.