लाल दिवा, बेचाळीस सेकंद

पुएब्ला शहरात, हमरस्ता जिथं दोन पुलांखालून जातो,
तिथला लाल दिवा बेचाळीस सेकंद टिकतो.
हे मला नाबोरनं सांगितलं.
मी विचारलं, मोजलेस?
मोजायचे कशाला, म्हणाला, अंगात भिनलेत.

डिझेल बाटलीत. बाटली कसली,
कुणाच्यातरी मुलीची शाळेत न्यायची, गुलाबी,
झाकणावर पुसत आलेला ससा.
तो घोट घेतो, गिळत नाही,
गाल फुगवून गाड्यांपुढं उभा राहतो
उत्तर ठाऊक असलेल्या पोरासारखा.

आणि मग जाळ.

शटर उघडं ठेवलं
तर जाळाचं झाड येतं, फांद्यांना फांद्या फुटलेलं,
शेजारच्या बसच्या काचांत त्याची पानं,
पण नाबोर येत नाही.
बुंध्याशी थोडा धूर, आणि एक बूट.
शटर झटकन मिटलं
तर नाबोर येतो:
कपाळावरची शीर, भुवयांच्या जागी काजळी,
पण आग म्हणजे तेव्हा
हवेत भिरकावलेलं पिवळं फडकं.
दोन्ही एकदम येत नाहीत.
सात रात्री मी हेच करते आहे.
संपादकाला झाड हवं आहे.

हिरवा लागायच्या आत त्याला निदान तीन गाड्या गाठायच्या असतात.
कुठं नाणं. कुठं काच वर.
एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यानं सफरचंद दिलं,
ते त्यानं खिशात टाकलं.
सगळ्याला एकच चव लागते, म्हणाला,
मक्याच्या पोळीला, थुंकीला,
मुलीच्या गालाला. ती हल्ली गाल देत नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.
हा आगीनं पोळलेलं तोंड
दुधानं विसळतो,
खांबाआड उकिडवा बसून, पुठ्ठ्याच्या खोक्यातलं अर्धा लिटर,
आणि फुंकर
पुढच्या लाल दिव्यासाठी राखून ठेवतो.

काल त्याला फोटो दाखवले.
काळ्या अंगठ्यानं एकेक सरकवत गेला,
झाडापाशी थांबला.
मागं कुणीतरी हॉर्न वाजवला, एक लाल दिवा फुकट गेला.
हा मी?
मग म्हणाला, छापू नका. आईला वाटतं
मी टायरच्या दुकानात आहे.
आणि दोन पावलं जाऊन, वळून:
नाहीतर छापा हा.
यात मी कुठं दिसतोय.

आज निघताना त्यानंच एक फोटो मागितला,
दिवा हिरवा असताना, आगीशिवाय.
अंधार आहे, म्हटलं, काही यायचं नाही.
येईल तेवढं येऊ द्या.
खिशातलं सफरचंद शर्टाला पुसून
छातीपाशी धरलं त्यानं,
जाणाऱ्या ट्रकच्या मागच्या दिव्यांत
क्षणभर लाल झाला, दोघंही लाल,
मी बटण दाबलं.

घरी येऊन मोठा करून पाहिला.
सवयीनं त्यानं गाल फुगवले होते.
आत काही नव्हतं.