पोटात घालणं

ताल्काउआनोत पहाटे तीनला मी भट्टी पेटवतो,
गोदीतल्या लोकांना पाव साडेपाचला लागतो.
बावीस वर्षं पहिली गरम मर्राकेता एदुविनाची.
चार भागांचा जोडपाव, बोटाने दाबला की रेघेवर मोडतो.
चारही भाग ती एकटी खायची,
पिठाच्या पोत्यावर बसून, लोणी मनगटापर्यंत ओघळत,
आणि मी बघत राहायचो,
कागदावरची आपलीच सही बघावी तसा.

तिच्या पोटात खूप मावायचं.
माझं बंदरावरचं ते प्रकरणसुद्धा मावलं.
तिला न विचारता गहाण टाकलेलं शिवणयंत्र मावलं.
तिच्या आईला पुरताना मी उशिरा पोचलो, पिऊन,
तेही.
"जाऊ दे," म्हणायची, आणि पाव मोडायची.

एकशे एक्केचाळीस किलो. साखर तीनशेच्या वर.
झोपेत तिचा श्वास थांबायचा,
मी अंधारात मोजायचो, सतरा, अठरा,
मग बुडालेली होडी उसळून वर यावी तसं घोरणं.

कॉन्सेप्सिओनचा डॉक्टर म्हणाला,
अंड्याएवढं पोट वेगळं शिवून ठेवतो.
जुनं आतच राहील,
फक्त अन्नाचा रस्ता त्याच्याकडून जाणार नाही.
मी विचारलं, त्याला कळतं का हे?
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी नाडी एकशे तीस.
ताप नाही, म्हणून नर्स म्हणाली, घाबरल्या असतील.
एदुविना म्हणाली, भीती मला माहीत आहे, ही ती नव्हे.
शिवण एका जागी गळत होती.
पुन्हा उघडलं तिला. सव्वीस दिवस नळ्या.
पिशवीत साचलेलं पिवळट पाणी
मी रोज लिहून ठेवायचो, उधारीच्या वहीत.
दुसरी वही नव्हती.

चांगलं झालं. कुणी विचारलं तर मी हेच सांगतो,
आणि ते खोटं नाही.
इन्शुलिन सुटलं. गुडघे गप्प झाले.
चर्चच्या एकशे बारा पायऱ्या ती न थांबता चढते
आणि वरून मला हाक मारते,
मी मध्येच, कठडा धरून उभा.

पाचव्या महिन्यात केस मुठीमुठीने गेले.
दंडाखालची कातडी पीठ संपलेल्या पोत्यासारखी,
ती तिची घडी उचलते, पुसते, पावडर लावते,
तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो.
नेल्दाच्या लग्नात केकचा एक तुकडा, अर्धा पेला वाइन.
वीस मिनिटांत घामाने चिंब,
न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडली होती.
बाहेर बँड. म्हणाली, दार लाव. तू जा, नाच.
मी गेलो.
नाचलोसुद्धा.

गेल्या थंडीत एका सकाळी
पावाच्या चौथ्या भागाचा अर्धा, भाजून कडक केलेला,
चाळीस वेळा चावून झाल्यावर
तिने विचारलं, बंदरावरच्या त्या बाईचं नाव काय होतं?
सोळा वर्षांनी.
मी म्हटलं, ते तर तू पोटात घातलं होतंस.
"घातलं होतं," ती म्हणाली.
"ते जुन्यात आहे. इथे जागा नाही."

तिसऱ्या वर्षी सात किलो परत आले.
सोमवारी काट्यावर उभी राहून रडली.
मला बरं वाटलं होतं.
हे अजून सांगायचं आहे.

आज भट्टी पेटवण्याआधी नाव सांगितलं.
ती चावत होती.
मी मोजत होतो, एकतीस, बत्तीस.
गिळायला तिला वेळ लागतो आता.