भेसळ

चार तासांनी धुवायचं असतं.
तीन वेळा, खारट पाण्याने, हलक्या हाताने,
पिपेटचं टोक चकतीच्या कडेला टेकवून.
ज्या पेशींनी धरलंय त्या राहतात,
ज्यांनी नाही धरलं
त्या गोल गोल निघून जातात पाण्याबरोबर.

मस्कत, अल-खूद, तळमजला.
गुरुवारची रात्र. बाहेर अकरा वाजता अडतीस अंश.
आत चोवीस छोट्या वाट्या, झुवैना आणि मी.

चकत्या दाद करीमने भाजल्यात,
बाराशे अंशांवर, दोन तास.
तो ग्वादरचा. भट्टीचं दार उघडताना बिस्मिल्ला म्हणतो
आणि गार झालेली चकती नखाने वाजवून सांगतो
कच्ची की पक्की.
यंत्राचा आकडा दुपारी येतो. बहुतेक तेच म्हणतो.

पहिली ओळ शुद्ध. कॅल्शियम, फॉस्फेट, बस्स.
दुसरीत थोडं कॅल्शियम उठवून
त्याच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवलेलं.
तिसरीत चिमूटभर जस्त.
चौथीतही जस्तच, पण सढळ हाताने.

वडील परभणीला भेसळ-निरीक्षक होते.
पहाटे जिंतूर रोडवर दुधाच्या किटल्या अडवायचे,
पिशवीत रुमालात गुंडाळलेला लॅक्टोमीटर.
एका सुट्टीत मला नेलं होतं सोबत.
चाळीस लिटर नालीत ओतायला लावलं,
आणि सायकलवाला पोरगा, माझ्याच वयाचा,
रिकामी किटली उलटी धरून तसाच उभा.
मातीवरच्या दुधाला मुंग्या लागेपर्यंत
पंचनामा चालला होता.

आता फोनवर विचारतात,
"काय मिसळायलीस बाई आज?"
जस्त, मी सांगते.
"किती टक्के?"
आवाज अजून तोच, सही करण्याआधीचा.

पेशी सूरच्या एका म्हातारीच्या खुब्यातल्या.
खुबा बदलला तिचा. काढलेल्या हाडाचा तुकडा
झुवैनाने बर्फाच्या डब्यात घालून आणला,
स्वतःच्या गाडीतून, एसी फुल्ल करून.
परवानगी मागितली तेव्हा म्हातारी म्हणाली होती,
न्या की. वाया घालवू नका म्हणजे झालं.

झुवैना दिवे मालवते.
आधी निळे ठिपके दिसतात, मग हिरवे धागे.

शुद्ध चकतीवर पेशी आहेत,
पण पाहुण्यांसारख्या, टाचा उचलून,
चप्पल न काढता उंबऱ्याशी.
स्ट्रॉन्शियमवर मात्र पाय पसरून,
बोटं फाकवून, एकमेकींच्या अंगावर हात टाकून.
चिमूटभर जस्तावरही तसंच, जरा दाटीवाटीने.

पेशी दगडाला थेट शिवतच नाही.
आधी प्रथिनांचा पातळ थर धरतो, सायीसारखा.
ती साय चाचपून बघते, मग पाय टाकते.
साय कशी बसेल
ते खाली काय मिसळलंय त्यावर.

अंधारातच झुवैना विचारते,
कार्ड आलं का तुझं नवीन?
आलं, म्हणते. दोन वर्षांचं.

मार्चमध्ये वडील न्हाणीत पडले.
त्यांच्याही खुब्यात आता परकं काहीतरी आहे,
वरून आमच्यासारखाच पांढरा लेप.
"शुद्ध आहे ना गं ते?"
महिनाभर हाच प्रश्न, फिरवून फिरवून.

आज सांगून टाकलं.
बाबा, हाडच मुळात शुद्ध नसतं.
तुमच्यातही मॅग्नेशियम आहे, सोडियम आहे,
जस्त आहे कणभर. जन्मापासून.
कुणी पकडलं नाही इतकंच.

हसतील असं वाटलं होतं.
पलीकडे पंख्याचा आवाज, बराच वेळ.
मग म्हणाले,
"जिंतूर रोडच्या त्या पोराच्या दुधात
नुसतं पाणी होतं.
विहिरीचं. चांगल्या विहिरीचं."

चौथी ओळ राहिली होती.
सढळ जस्त. शून्य, शून्य, शून्य,
एका चकतीवर दोन पेशी, आक्रसलेल्या.
त्याही लिहिल्या.